वेढ्यातल्या शहरात दिवस कसे काढावेत

बोस्नियाची राजधानी असलेल्या सारायेव्हो शहराला ५ एप्रिल १९९२ रोजी पडलेला वेढा २९ फेब्रुवारी १९९६ रोजी उठला. मधले १,४२५ दिवस सुमारे साडेतीन लाख माणसे भोवतालच्या डोंगरांवरून रोखलेल्या तोफांखाली राहिली. अकरा हजारांहून अधिक माणसे मारली गेली, आणि जी वाचली त्यांनी त्या दिवसांत पाणी भरले, स्वयंपाक केला, मुलांना शिकवले, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्याआधी अर्धशतक लेनिनग्राडने (आजचे रशियातले सेंट पीटर्सबर्ग) ८ सप्टेंबर १९४१ पासून २७ जानेवारी १९४४ पर्यंत याहून भीषण वेढा सोसला होता; तिथे किमान सहा लाख नागरिक मेले आणि त्यांतले बहुसंख्य भुकेने मेले. या दोन शहरांतल्या साध्या नागरिकांनी जे करून पाहिले आणि ज्याची किंमत मोजली, त्यावरून पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. ते आपल्या लोकांना परके नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या सुमी शहरात अडकलेल्या सुमारे सातशे भारतीय विद्यार्थ्यांनी नळ बंद पडल्यावर बर्फ वितळवून पाणी मिळवले होते. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेल्यांत महाराष्ट्रातली मुलेही पुष्कळ होती. मुलांना दूरदेशी पाठवणाऱ्या पालकांनी आणि स्वतः तिथे राहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे, अशी इच्छा आहे.

निघता येत असेल तोवर

वेढ्यात टिकून राहण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वेढा पूर्ण होण्याआधी बाहेर पडणे, आणि नेमके हेच माणसाला सर्वांत अवघड जाते. घर मागे टाकवत नाही, म्हाताऱ्यांना हलवता येत नाही, शिवाय आठ-पंधरा दिवसांत सारे निवळेल असे वाटत राहते. लेनिनग्राडमध्ये १९४१ च्या उन्हाळ्यात गाड्या सुटत असताना अनेकांनी जाण्याचे नाकारले. सारायेव्होत तर आपल्या शहरात असे काही होऊच शकत नाही, यावर बहुतेकांचा विश्वास होता, कारण आठच वर्षांपूर्वी, १९८४ साली, त्याच डोंगरांवर हिवाळी ऑलिम्पिक झाले होते. म्हणून निर्णयाची खूण आधीच ठरवून ठेवावी. परदेशी दूतावास कर्मचारी हलवू लागले, बँकांमधून रोकड मिळेनाशी झाली किंवा शहराबाहेर जाणाऱ्या दोन मुख्य रस्त्यांपैकी एक बंद झाला, तर यांपैकी कोणतीही एक गोष्ट घडताच निघायचे, असे घरात बसून, वाद घालून, एकदाच पक्के करावे. पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या आणि रोख रक्कम अंगावर बांधता येईल अशा पिशवीत तयार असावी. दूतावासात नाव नोंदवलेले असावे.

ज्यांना निघता आले नाही, किंवा ज्यांनी कुणासाठी तरी मागे राहण्याचे ठरवले, त्यांच्यासाठी पुढचे सारे आहे.

पाणी

वेढ्याची पहिली मार पाण्यावर बसते. वीज गेली की पंप थांबतात, पंप थांबले की उंच इमारतींचे नळ कोरडे पडतात, आणि मग शहरातला प्रत्येक दिवस पाण्याभोवती फिरू लागतो. सारायेव्होत नळाला पाणी आल्याची हाक ऐकू आली की माणसे मध्यरात्री उठून घरातली प्रत्येक वस्तू भरून ठेवत. तणाव वाढू लागताच हे काम सुरू करावे. झाकणाचे पाच आणि दहा लिटरचे कॅन, प्लास्टिकच्या बाटल्या, पातेली, बादल्या, आंघोळीचे टब असे सारे काही भरावे. गीझरच्या टाकीतही पिण्याजोगे पाणी असते, हे आठवणीत ठेवावे. वीज बंद करून ते खालच्या तोटीने काढता येते.

माणशी दिवसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी किमान तीन लिटर लागतात. धुण्या-पुसण्यासह माणुसकीने राहायचे तर पंधरा. चार माणसांच्या घराला याप्रमाणे ६० लिटर, म्हणजे ६० किलो वजन, रोज वाहून आणावे लागते आणि लिफ्ट बंद असताना ते सहाव्या मजल्यावर चढवावे लागते. हा हिशेब कागदावर मांडला की लक्षात येते की पंधरा लिटरचे स्वप्न सोडावे लागेल. सारायेव्होच्या लोकांनी बाळांच्या गाड्या, सायकली, बर्फावरच्या घसरगाड्या, सामानाच्या ढकलगाड्या अशा चाक किंवा घसर असलेल्या प्रत्येक वस्तूवर कॅन बांधले. दुष्काळी भागातल्या आपल्या बायाबापड्यांना हे वजन नवे नाही, पण त्यांच्या वाटेवर बंदुका रोखलेल्या नसतात. एकाच माणसाने दोन मोठे कॅन नेण्यापेक्षा दोघांनी दोन लहान कॅन न्यावेत. ओझे हलके असले की धावता येते.

शहरातले जिवंत झरे, जुन्या विहिरी आणि स्वतःची विहीर असलेले कारखाने यांची यादी शांततेतच करून ठेवावी. सारायेव्होतल्या बिस्त्रिक भागातल्या जुन्या बिअर कारखान्याखाली झरे होते; वेढ्याच्या काळात शहराच्या मोठ्या भागाला तिथल्या तोट्यांनी तगवले. लेनिनग्राडच्या लोकांनी नेवा नदीच्या गोठलेल्या पात्रात भोके पाडून पाणी काढले. बादल्यांतून सांडलेल्या पाण्याने नदीचा उतार आणि घरांचे जिने काचेसारखे निसरडे झाले, आणि अशक्त झालेली माणसे तिथे पडून पुन्हा उठली नाहीत. बर्फाच्या दिवसांत म्हणूनच भांडे काठोकाठ भरू नये आणि जिन्यावर राख टाकावी.

आणलेले पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि स्वच्छ कापडातून गाळावे. जळण असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळवावे. जळण वाचवायचे असेल तर सुगंध नसलेले, पाच टक्के तीव्रतेचे घरगुती ब्लीच एका लिटरला दोन थेंब, पाणी किंचित गढूळ राहिले असेल तर चार थेंब, टाकून अर्धा तास थांबावे. पाण्याला क्लोरिनचा हलका वास यायला हवा. काहीच नसेल तर निवळलेले पाणी पारदर्शक, रंगहीन प्लास्टिकच्या बाटलीत, दोन लिटरपेक्षा मोठ्या नव्हे, भरून आडवी बाटली सहा तास कडक उन्हात ठेवावी. आभाळ असेल तर सलग दोन दिवस. यातला कोणताही उपाय रसायने किंवा इंधन मिसळलेल्या पाण्याला चालत नाही.

एका पाण्याला चार जन्म द्यावेत. तांदूळ किंवा भाजी धुतलेल्या पाण्याने भांडी विसळावीत, अंग पुसलेल्या पाण्यात कपडे धुवावेत, त्याच पाण्याने फरशी पुसावी आणि उरलेले शौचालयात टाकावे. शौचालयात टाकण्याइतकेही पाणी नसेल तर तिथे जाणेच बंद करून झाकणाची बादली वापरावी, दर वेळी राख किंवा चुना टाकावा आणि ती रोज, रिकामी करण्यासाठी ठरवलेल्या एकाच जागी, विहिरीपासून दूर नेऊन तिच्यातली घाण पुरावी. हा विषय लाजेमुळे टाळला जातो, म्हणून मुद्दाम लिहितो. लेनिनग्राडमध्ये पहिल्या हिवाळ्यात अंगणांत साठून गोठलेली घाण वितळली असती तर उरलेले शहर साथीने गेले असते. २७ मार्च ते १५ एप्रिल १९४२ या काळात उपाशी, सुजलेल्या पायांच्या लाखो नागरिकांनी, त्यांत बहुसंख्य बायका, फावडी आणि पहारी घेऊन सुमारे दहा लाख टन घाण शहराबाहेर काढली, आणि मोठी साथ आली नाही. माझ्या मते त्या वेढ्यातल्या कोणत्याही लढाईइतकेच हे काम मोठे होते.

रस्त्यावर

पाणी आणि भाकरी घरात येत नाहीत, त्यासाठी बाहेर पडावेच लागते, आणि नागरिक बहुतेक तिथेच मरतात. गोळे कोणत्या दिशेने येतात हे आधी समजून घ्यावे. लेनिनग्राडमध्ये तोफा शहराच्या दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला होत्या, त्यामुळे रस्त्याच्या उत्तरेकडच्या भिंतींवर गोळे आदळत. म्हणून ‘तोफमाऱ्याच्या वेळी रस्त्याची ही बाजू सर्वांत धोक्याची आहे’ अशा निळ्या पाट्या तिथे रंगवल्या होत्या. नेव्स्की प्रॉस्पेक्ट या तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या चौदा क्रमांकाच्या इमारतीवर तशी पाटी आजही आहे. सारायेव्होत मिल्याच्का नदीच्या दक्षिणेकडच्या ग्रबावित्सा वस्तीतून आणि ज्यू दफनभूमीच्या उतारावरून नेमबाज मारा करीत. त्यामुळे नदीकडे उघडणारा प्रत्येक चौक मृत्यूचा चौक झाला. लोकांनी तिथे मालाचे कंटेनर आणि जळक्या बस आडव्या लावल्या, दोन इमारतींमध्ये चादरी आणि घोंगड्या टांगल्या. चादर गोळी अडवत नाही, पण नेमबाजाला माणूस दिसत नाही, आणि तेवढ्याने पुष्कळ जीव वाचतात. आपल्या मोहल्ल्यात असा आडोसा उभा करता येत असेल तर रात्री करावा.

उघडा चौक ओलांडताना घोळक्याने थांबून राहू नये आणि एकामागून एक ठरावीक अंतराने जाऊ नये. पहिला माणूस गेल्यावर नेमबाज सावध होतो आणि दुसऱ्याची वाट पाहतो. भडक रंगाचे कपडे टाळावेत. पायांत बांधलेले, न घसरणारे बूट असावेत. रोज त्याच वेळी त्याच वाटेने जाऊ नये.

रांगेबद्दल अधिक कडक राहावे लागते. २७ मे १९९२ रोजी सारायेव्होत पावासाठी उभ्या असलेल्या रांगेवर गोळे पडले. १२ जुलै १९९३ रोजी दोब्रिन्या वस्तीत पाण्याच्या पंपापाशी जमलेल्या सुमारे शंभर माणसांत गोळा पडून दहाहून अधिक जण गेले. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी मार्काले बाजारात एकाच उखळी गोळ्याने साठांहून अधिक माणसे मारली. खार्किव्हमध्ये १ मार्च २०२२ रोजी मारला गेलेला कर्नाटकातला विद्यार्थी खाण्याचे सामान आणायलाच बाहेर पडला होता. त्यामुळे गर्दी दिसली की थांबू नये, फेरा मारून यावे. मोहल्ल्याने एकत्र येऊन चिठ्ठ्या वाटाव्यात, नंबर यायच्या वेळीच माणसाने पंपापाशी यावे, बाकीच्यांनी जवळच्या जिन्यांत, भिंतींमागे विखरून बसावे. पहिला गोळा पडल्यावर जखमींकडे धाव घेणे ही माणसाची सहज प्रवृत्ती असते, आणि त्याच जागी दुसरा गोळा येण्याची शक्यताही असते. म्हणून आधी जमिनीवर पडावे, आवाज ऐकावा आणि जखमीला उचलून भिंतीआड नेल्यावरच उपचार करावेत. वाहते रक्त थांबवण्यासाठी जखमेवर स्वच्छ कापड सगळा भार देऊन दाबून धरणे प्रत्येकाला, दहा वर्षांच्या मुलालाही, यायला हवे.

घरात असताना रस्ता आणि आपण यांच्यामध्ये किमान दोन भिंती असाव्यात: पहिली गोळ्याचा जोर घेते, दुसरी तुकडे अडवते. बहुतेक घरांत अशी जागा म्हणजे मधली बोळकांडी किंवा न्हाणीघर, आणि झोपायचे तिथेच. खिडक्यांच्या काचांवर कागदी पट्ट्या चिकटवाव्यात. फुटलेल्या काचांच्या जागी जाड प्लास्टिक ताणून बसवावे. सारायेव्होत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेने वाटलेले असे प्लास्टिक कित्येक वर्षे खिडक्यांवर फडफडत होते.

ऊब, उजेड आणि पोट

थंडीच्या देशात एकाच खोलीत सगळ्यांनी राहावे, ती लहान असावी आणि बाकीच्या खोल्या बंद कराव्यात. दोन्ही शहरांतल्या लोकांनी पत्र्याच्या डब्यांपासून, टिनांपासून चुली केल्या आणि त्यांत उद्यानांतली झाडे, फर्निचर, लाकडी फरशा, जुने बूट आणि शेवटी पुस्तके जाळली. चुलीचा धूर नळीने खिडकीबाहेर काढलाच पाहिजे आणि झोपण्यापूर्वी निखारे विझवलेच पाहिजेत, कारण कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. गॅसच्या नळीला रबरी पाइप जोडून घरगुती जोडण्या करू नयेत. सारायेव्होत अशा जोडण्यांनी स्फोट आणि आगी घडवल्या.

उजेडासाठी काचेच्या पेल्यात निम्म्याहून अधिक पाणी, वर बोटभर तेल आणि त्यावर बुचात ओवलेली बुटाच्या नाडीची वात असा दिवा सारायेव्होच्या घराघरांत होता. आपल्याकडच्या तरंगत्या दिव्याचेच ते भावंड आहे. रेडिओसाठी गाडीची बॅटरी जपावी.

अन्नाबाबत पहिला नियम असा की मदतीचे धान्य आले त्या दिवशीच त्याचे दिवस पाडावेत. सारायेव्होला जुलै १९९२ पासून जवळजवळ साडेतीन वर्षे विमानांनी मदत येत होती, आणि १९९३ च्या उन्हाळ्यात विमानतळाखालून दोब्रिन्या ते वेढ्याबाहेरचे बुत्मीर असा सुमारे ८०० मीटरचा भुयारी रस्ता खोदल्यावर माणसे पाठीवर सामान आणू लागली. तरी घरात येत ते तांदूळ, मॅकरोनी, पीठ, थोडे तेल, दुधाची भुकटी आणि डबाबंद मांस एवढेच. बायकांनी त्यातूनच दुधाची भुकटी, तेल आणि व्हिनेगर घोटून चीज केले, खाजकुईलीसारख्या झोंबणाऱ्या रानपाल्याच्या भरल्या रोट्या केल्या, बाल्कन्यांत भाजी लावली. ताज्या भाजीचा अभाव महिन्या-दोन महिन्यांत हिरड्यांवर दिसू लागतो. लेनिनग्राडमध्ये त्यावर पाइनच्या सुयांचा काढा दिला जाई. आपल्या माणसाला याहून सोपा उपाय ठाऊक आहे: मदतीतल्या अख्ख्या मसूर किंवा वाटाण्याला मोड आणावेत. मूठभर कडधान्याला वाटीभर पाणी पुरते, तेच पाणी भांडी विसळायला वापरता येते, आणि मोडांतून क जीवनसत्त्व मिळते.

धान्यच संपत आले तर लेनिनग्राडची शिकवण आठवावी. २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात तिथे कामगाराला दिवसाला २५० ग्रॅम आणि बाकीच्यांना, मुलांनाही, १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्या पावातही पिठाबरोबर खाण्यास अयोग्य भर असे. ज्यांनी तो तुकडा तीन भागांत कापून, चुलीवर शेकून, ठरल्या वेळीच खाल्ला, त्यांना दिवसाला आकार राहिला. रेशनकार्ड अंगातल्या कपड्याला शिवून ठेवावे. ते हरवणे म्हणजे महिनाभराचे अन्न हरवणे. कार्ड एकट्या मुलाच्या हाती देऊ नये. आणि उपासानंतर अचानक भरपूर अन्न मिळाले तर ते पोटभर खाऊ नये, खाऊ देऊ नये. लेनिनग्राडजवळचे लादोगा सरोवर ओलांडून सुटलेली कित्येक माणसे पलीकडच्या काठावर मिळालेले जेवण एकदम खाऊन दगावली. पातळ पेज, थोडी थोडी, दिवसातून अनेकदा, असे काही दिवस करावे.

जिना

एकट्या घराने वेढा निभत नाही. तो जिन्याने निभतो. एका जिन्यावरची आठ-दहा घरे हे वेढ्यातले खरे कुटुंब समजावे. सारायेव्होत शाळा बंद पडल्यावर शिक्षकांनी आपापल्या इमारतीच्या जिन्यांत आणि तळघरांत वर्ग भरवले, कारण जिना हीच इमारतीतली सर्वांत सुरक्षित जागा होती. पाण्याच्या पाळ्या, म्हाताऱ्यांकडे रोज एक फेरी, एकाच चुलीवर दोन घरांचा स्वयंपाक, औषधांची यादी हे सारे जिन्यावर ठरवावे आणि भिंतीवर लिहून लावावे. जात, धर्म, भाषा यांवरून जिन्यात फूट पडू देऊ नये. सारायेव्होत ज्यू समाजाच्या ‘ला बेनेव्होलेन्सिया’ या संस्थेने दवाखाना आणि अन्नछत्र चालवले ते सर्वांसाठी.

रोज ठरल्या वेळी उठावे, तोंड धुवावे, अंथरूण आवरावे, काही काम हाती घ्यावे. हे उपदेशासारखे वाटेल, पण लेनिनग्राडच्या दैनंदिन्यांत पुन्हापुन्हा दिसते की जो दिवसभर पडून राहू लागला, तो लवकर गेला. ९ ऑगस्ट १९४२ रोजी तिथले वाद्यवृंद-संचालक कार्ल एलियासबर्ग यांनी उपासमारीतून वाचलेल्या वादकांना घेऊन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी वाजवली. सारायेव्होत ‘ओस्लोबोजेन्ये’ हे दैनिक तळघरातून निघत राहिले. प्रत्येकाने इतके मोठे काम करावे असे नाही. मुलांना रोज एक तास गणित शिकवणे, एवढेही पुरते.

वही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, काय पडले, कोण जखमी झाले, हे त्याच दिवशी, ऐकीव गोष्ट आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वेगळी ठेवून लिहावे. नागरिकांना उपाशी मारणे हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने मनाई केली आहे. सारायेव्होला वेढणाऱ्या सैन्याचा एक सेनापती स्तानिस्लाव गालिच याची वीस वर्षांची शिक्षा माजी युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय गुन्हे न्यायाधिकरणाने २००६ साली अपिलात वाढवून जन्मठेप केली; त्या खटल्यात दोब्रिन्यातल्या पाण्याच्या रांगेचीही घटना तपासली गेली आणि साध्या नागरिकांच्या साक्षी झाल्या.

वेढा उठल्यावर

गोळीबार थांबल्याची बातमी आली तरी कॅन रिकामे करू नयेत. नळ सुरळीत होईपर्यंत आठवडे जातात आणि पहिले पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये. पडझड झालेल्या घरात एकट्याने शिरू नये. मुलांना धातूची कोणतीही अनोळखी वस्तू उचलू देऊ नये. बोस्नियात युद्धानंतर कित्येक वर्षे लोक एकमेकांना सांगत की डांबरी रस्ता सोडू नका, कारण सारायेव्होभोवतीच्या डोंगरउतारांवरल्या गवतात सुरुंग तसेच होते. म्हणून जळणासाठी, रानपाल्यासाठी किंवा नुसते मोकळ्या हवेत फिरण्यासाठी ज्या कुरणाकडे इतके दिवस डोळे लागले होते, तिथे सुरुंग काढणाऱ्या पथकाने निशाण लावल्याशिवाय पाऊल टाकू नये.